थाऱ्याचा उंबरा

थारा, बुऱ्हाणपूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ज्योती,

लोटू बरा आहे, कामाला जातो आहे, प्यायलेला नाही. आधी हेच लिहावं, म्हणजे वाचणारीला पुढचं निवांत वाचता येतं, हे मी आता शिकले आहे.

तू विचारलंस, मावशी, फोन का करू देत नाही. थाऱ्यात माणूस आला की पहिल्याच दिवशी सांगते, घरी फोन नाही. फोनवर भांडण होतं. तो इकडून रडतो, ती तिकडून रडते, आणि रडून झालं की तो सरळ गुत्त्यावर जातो. कागदावर माणूस थांबून बोलतो. म्हणून प्रत्येकाच्या घरी महिन्याचं पत्र मी टाकते. लोक हसतात. हसू देत.

लोटू फोपनारला केळीच्या गाड्या भरायला जातो. बारीक झालाय, पण काम अंगमेहनतीचं आहे. पाणी फार पितो. रात्री उठून माठ रिकामा करतो, मग दहादा बाहेर. बाकीचे चिडवतात, "लोटूभाऊ, ताप्ती पुरंल का तुला?" बाटलीची तहान माठावर निघते आहे, निघू दे.

संध्याकाळी परतला की इतरांसारखाच उंबऱ्यात उभा राहून "हा" करतो आणि मी वास घेते. वास आला तर पिशवी बाहेर. दुसरी संधी नाही. हे नाक मला आमच्या ह्यांच्या संसारात मिळालं. ते लवंग खायचे, कच्चे पेरू खायचे, एकदा तर रॉकेलने चूळ भरून आले. नाक फसलं नाही. आधी कागद मिलमधली नोकरी गेली, मग ते गेले. नाक तेवढं राहिलं. त्याचा कोणाला तरी उपयोग व्हावा म्हणून शालिग्रामशेठकडून पॉवरलूमची ही बंद शेड मागून घेतली आणि थारा काढला. दारू सोडलेल्याला घरचे घेत नाहीत, भाड्याने खोली कोणी देत नाही. मग तो राहणार कुठे?

सध्या मोहल्ल्याने अर्जी दिली आहे, दारुड्यांचा अड्डा हटवा म्हणून. कचेरीतून चौकशीला माणसं येणार आहेत. आमच्या समितीचे निरंजनभाऊ घाबरलेत. मी नाही घाबरत. माझ्या उंबऱ्याच्या आत थेंब नाही.

दिवाळीच्या पाडव्याला लोटूचं न पिण्याचं वर्ष पुरं होतंय.

रंभामावशी


अमळनेर
२५ सप्टेंबर २०२५

ती. मावशींना ज्योतीचा नमस्कार.

पत्राची पहिली ओळ वाचली आणि मग खाली बसले.

आमच्या रश्मीचं लग्न जमलं. मुलगा चाळीसगावचा आहे, ललित नाव. औषधाच्या दुकानात कामाला आहे, बोलायला शांत. माणसं चांगली आहेत. त्यांनी विचारलं, मुलीचे वडील? मी सांगून टाकलं, मध्य प्रदेशात कागद मिलमध्ये आहेत. तुमच्या माणसाची नोकरी मी माझ्या माणसाला चिकटवली. रागावू नका. तोंडात दुसरं काही आलंच नाही.

लग्न २३ नोव्हेंबरचं आहे. कन्यादानाला जोडपं लागतं. ते नसले तर नीलेशदादा आणि प्रतिभावहिनी बसतील, आणि मी आई असून मांडवाच्या खांबाशी उभी. मी दादाला म्हटलं, वर्ष पुरं केलं तर रश्मीचे पप्पाच बसतील. दादा म्हणाला, "तो वर्ष काढेल? आठवडा तरी काढलाय का कधी?" मी म्हटलं, मावशी लिहिते ते खरं असतं. ते दादाला मानावं लागलं, कारण तुमची पत्रं तोही वाचतो.

त्यांना अजून काही सांगू नका. हरखतील, आणि हरखले की प्यायचे. पाडवा होऊ द्या. मग मी स्वतः न्यायला येते.

शिलाईचं काम खूप आहे. रश्मीचे ब्लाउज मीच शिवते आहे. ती विचारते, पप्पांना माझा चेहरा आठवत असेल का. मी म्हटलं, दारू सुटली की सगळं आठवतं.

ज्योती


थारा, बुऱ्हाणपूर
१५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. ज्योती,

या वेळी पहिली ओळ चांगली नाही. लोटू परवा पिऊन आला.

आदल्या दिवशीच तो कामाला गेला नव्हता, अंग दुखतं म्हणत होता. परवा गेला आणि दुपारीच परतला. पाय ठरत नव्हता, जीभ जड. वास मला हातभरावरून आला, मोहाच्या दारूचाच. "मावशी, कसम से, नाही घेतली, पोटात कसंतरी होतंय," म्हणाला. सगळे हेच म्हणतात. आमचे हेही पोटच धरायचे.

चौकशी तोंडावर आली आहे. पण नसती तरी मी हेच केलं असतं. पिशवी बाहेर ठेवली आणि दार लावलं. काही वेळ पायरीवर बसला होता, मग गेला.

पाडवा आठवड्यावर आला होता, म्हणून वाईट वाटतं. पण खोटं लिहून तुझ्या मुलीच्या मांडवात त्याला बसवणं माझ्याकडून होणार नाही.

रंभामावशी


अमळनेर
२४ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

तुमचं पत्र दिवाळीत मिळालं. भाऊबीज होईपर्यंत कोणाला दाखवलं नाही. काल दादाला ओवाळून झालं आणि ताटातच ठेवलं.

त्याने वाचलं. मला वाटलं, म्हणेल, सांगितलं नव्हतं? तसं म्हणाला नाही. म्हणाला, "बसतो मी. नवं धोतर घ्यावं लागंल." वहिनी आत जाऊन रडली. मला रडू आलं नाही.

माझी चूक झाली. मी मनातल्या मनात त्याला फेटा बांधून बसवला होता. शेजारी माझी पैठणी. लग्नातली आहे, बावीस वर्षं घडीत.

तुम्ही खरं कळवलंत हे उपकार आहेत. दुसरं कोणी असतं तर सांभाळून घेतलं असतं, आणि ऐन लग्नात तमाशा झाला असता. तुमच्या नाकावर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे.

त्याची खबर आता मला नको. महिन्याचं पत्र बंद केलंत तरी चालेल.

ज्योती


थारा, बुऱ्हाणपूर
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्योती,

खबर नको म्हणालीस, तरी लिहिते. लोटू सरकारी दवाखान्यात आहे. तब्येत फार बिघडली होती, आता जिवावरचं टळलं. पायाला जखम आहे. डॉक्टर लक्ष देत आहेत. औषध, डबा, सगळं थाऱ्यातून जातं. तू काळजी करू नकोस.

इकडे चौकशीची तारीख अजून आलेली नाही. निरंजनभाऊ रोज येऊन बसतात. शेडला चुना लावून घेतला. मोहल्ल्यातली पोरं भिंतीवर काहीबाही लिहून जातात, ते पुसतो.

मी हल्ली वाचत बसते. तुला कधी सांगितलं नसेल, मी शाळा बघितलेली नाही. मिलमध्ये रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यातून हे पुस्तकं काढून आणायचे, आणि त्यांच्यावर मी वाचायला शिकले. बहुतेकांची शेवटची पानं गेलेली असत. सध्या आजारांवरचं एक पुस्तक आणलं आहे. त्याला सगळी पानं आहेत.

लग्नाची तयारी कुठवर आली?

रंभामावशी


अमळनेर
१० नोव्हेंबर २०२५

ती. मावशी,

लिव्हर गेलं असणार. इकडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणखी एकदा प्याला तर लिव्हर जाईल. त्याने ऐकलं नाही, आता भोगतोय. तुम्ही डबे पाठवता हा तुमचा मोठेपणा.

एकच मागणं आहे. लग्न होईपर्यंत त्याला तिकडेच धरून ठेवा. कोणाकडून कळलं आणि दारात येऊन उभा राहिला तर रश्मीचं काय होईल? चाळीसगावच्यांना मी सांगितलंय, मिलमध्ये सुट्टी मिळत नाही.

पत्रिका छापल्या. त्याचं नाव घातलंय. ते तर घालावंच लागतं.

रात्री कधी कधी वाटतं, आपण फार कठीण झालो का. मग तुमचं ते पत्र काढून वाचते. 'वास मला हातभरावरून आला.' तेवढं वाचलं की मन घट्ट होतं. प्याला होता ना, मावशी? एकदा परत लिहा, म्हणजे अक्षता टाकताना माझा हात थरथरणार नाही.

ज्योती


थारा, बुऱ्हाणपूर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्योती,

लोटू प्यायला नव्हता. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी थाऱ्यात असताना कधी नाही, नंतरही नाही.

त्याला साखरेचा आजार आहे. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. साखर फार चढली की अंगात विष तयार होतं. माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, पोट दुखतं, आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. मी आणलेल्या पुस्तकात हे सरळ लिहिलं आहे. असा रोगी प्यायलेला वाटू शकतो, असंही लिहिलं आहे. आणि आधी तहान फार लागते, माणूस रोडावतो. ते सगळं मी माझ्या हातानेच तुला सप्टेंबरात लिहून पाठवलं होतं.

आता बाकीचंही सांगते.

मी दार लावल्यावर तो स्टँडमागे जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी वसंत चहावाला सांगायला आला, "मावशी, तुमचा माणूस पडलाय." मी म्हटलं, "आमचा नाही तो आता." वसंतनेच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तुला पिऊन आल्याचं पत्र लिहिलं ते मी वसंत गेल्यावर लिहिलं. पुढे काही दिवसांनी मी दवाखान्यात गेले, तीही त्याला बघायला नाही. माझं बरोबर होतं हे ऐकायला गेले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, "अम्मा, इसने पी नहीं थी. शुगर है. इस हालत में घर से किसने निकाला?" मी म्हटलं, "मालूम नहीं."

पायाला काचेचा तुकडा लागून जखम चिघळली होती. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

निरंजनभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "रंभाबाई, हे बाहेर गेलं की उद्या कुलूप. आतली माणसं कुठे जातील? चौकशी होऊन जाऊ द्या." मला पटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं. म्हणून तुला तब्येतीचं लिहिलं आणि कारण लिहिलं नाही. तू लिव्हर समजलीस, तेही तसंच राहू दिलं. तू विचारलंस, प्याला होता ना. त्यावर आठवडा घालवला. नीलेशभाऊंचा नंबर माझ्याकडे आहे. फोन करू नये हा नियम मी दुसऱ्यांना घातलेला, तो माझ्या कामी आला.

परवा फोपनारला गेले. दवाखान्यातून सोडल्यावर तो मोतीलाल नावाच्या शेतकऱ्याच्या केळीत राखणीच्या झोपडीत राहतो. थाऱ्यात यायला तयार नव्हता. मला बघून काठी धरून उठला. उठला, ज्योती. बसायला गोणपाट झटकून दिलं. मी माफी मागायचं घोकून गेले होते. त्यानेच विचारलं, "मावशी, ज्योतीला लिहिलं ना, प्यायलो नव्हतो म्हणून?" मी म्हटलं, "लिहिलं." म्हणाला, "मग ठीक. तुमचं लिहिलेलं ती मानते." नंतर म्हणाला, "चहा बिनसाखरेचा आहे, चालंल?"

तो चहा मी प्यायले.

काल कचेरीची माणसं आली. मोहल्ल्यातले पाच-सहा जण होते. साहेबांनी विचारलं, ऑक्टोबरात एकाला काढलं, का? निरंजनभाऊ म्हणाले, नियमाप्रमाणे. मी म्हटलं, नाही साहेब, आजारी होता आणि मी काढला. निरंजनभाऊ उठून गेले ते आज आलेले नाहीत. शालिग्रामशेठनी निरोप पाठवलाय, बोलायचं आहे. ज्याची भीती होती ते आता होईल. पण हे मी सांगते ते माझं चांगलं दिसावं म्हणून नाही. लोटूला "लिहिलं" म्हटलं नसतं तर काल साहेबांसमोरही मी बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

लग्नाचं त्याला माहीत नाही. सांगू नका म्हणाली होतीस, तेवढं मात्र मी पाळलं. त्याचं वर्ष पाडव्याला पुरं झालं. ते दवाखान्यात, पण पुरं झालं. त्याच्या मापाचा सदरा शिवून ठेवला आहे. तू एक फोन कर. मी त्याला गाडीत बसवून घेऊन येते, आणि स्टेशनवरूनच परत फिरते. माझं तोंड तुमच्या मांडवात दिसणार नाही.

रंभाबाई


अमळनेर
५ डिसेंबर २०२५

मावशी,

लग्न झालं.

तुमचं पत्र हळदीच्या दिवशी दुपारी आलं. पोस्टमन मांडवात शिरला आणि माझ्याच हातात देऊन गेला. हात हळदीचे होते. पाकिटावर बोटं उमटली. मी न्हाणीघरात जाऊन वाचलं.

तुम्ही लिहिलं होतं, एक फोन कर. दादाचा फोन ओट्यावर होता. मी उचलला. बाहेर चाळीसगावच्या बाया बसल्या होत्या, सुट्टी न मिळालेल्या मिलवाल्याची बायको म्हणून माझ्याशी गोड बोलत होत्या. मी विचार केला, उद्या काठी धरून, बोटं कापलेला, वाळलेला माणूस आणून बसवला तर कुठून आला म्हणून सांगू? दारुड्यांच्या घरातून? आणि दादाचं धोतर घेऊन झालेलं.

फोन ठेवून दिला. कोणाला बोलले नाही.

दादा-वहिनी बसले. मी खांबाशी उभी. भटजींनी वडिलांचं नाव घेतलं तेव्हा रश्मीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी अक्षता जोरात टाकल्या. हात थरथरला नाही. तो थरथरायला पाहिजे होता.

तुमच्यावर रोज चिडायचं ठरवते. तुमच्या एका वासावर माझं घर गेलं, असं मनात बोलते. आणि बोलता बोलता अडते. तुम्ही निदान चुकून बाहेर ठेवलंत. मी माहीत असून आत बोलावलं नाही.

माफ केलं असं लिहिणार नाही. मला तसं वाटत नाहीय. माझ्याकडे कोणी माफी मागावी अशी मीही राहिले नाही.

रश्मी रविवारी पहिल्यांदा घरी येते आहे, ललितबरोबर. तिला काय सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही. लोटूला लग्न झालं हे कळू देऊ नका. किंवा कळू द्या. तुम्हाला जे जमेल ते.

तो सदरा ठेवा.

ज्योती


थारा, बुऱ्हाणपूर
२९ डिसेंबर २०२५

चि. सौ. ज्योती,

लोटू बरा आहे, प्यायलेला नाही. पायाची जखम भरली.

तो थाऱ्यात परत आला. मी बोलावलं म्हणून नाही, फोपनारला इन्सुलिन ठेवायला थंड जागा नव्हती म्हणून. इथे माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवतो. कचेरीने कुलूप लावलं नाही. डॉक्टरला दाखवल्याशिवाय कोणाला बाहेर काढायचं नाही, एवढं लिहून घेतलं. शालिग्रामशेठना मात्र अक्षय तृतीयेपर्यंत शेड रिकामी हवी आहे. निरंजनभाऊ आले नाहीत. मी दुसरी जागा बघते आहे. रस्त्याने जाते तेव्हा लोक एकमेकांना खुणावतात, हीच ती. ते खोटं नाही.

लग्नाचं मीच त्याला सांगितलं. तू फोन उचललास आणि ठेवलास, तेही सांगितलं. लपवणार नाही असं ठरवल्यावर त्यातलं काही वगळता येईना. तो बराच वेळ केळीच्या चिकाचे डाग नखाने खरवडत बसला. मग म्हणाला, "बरोबर केलं तिने. मी पण नसतं बोलावलं मला."

मी आता वास घेत नाही. डॉक्टरीणबाई दर आठवड्याला येऊन तपासतात. बाकीचे आनंदाने सरळ आत जातात. लोटू जात नाही. रोज संध्याकाळी उंबऱ्यात थांबतो आणि "हा" करतो. मी खाली बघते आणि म्हणते, "जा बाबा आत." तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा.

काल रश्मी आणि ललित आले. तू कळवलं नव्हतंस, तेव्हा तू तिला काय सांगितलंस ते मी विचारलं नाही. मी कोण हे तिला माहीत होतं, ते तिच्या नमस्कारात कळलं. नमस्कार केला, पण वाकली नाही. बरं वाटलं मला.

लोटू कामावरून यायचा होता. जावई आत माणसांशी बोलत बसले, इन्सुलिनचं फडकं बघून आले आणि म्हणाले, असंच ठेवा. रश्मी माझ्याजवळ दारात उभी राहिली. लोटू काठी टेकत गल्लीतून आला. तिला बघितलं आणि थांबला. मला वाटलं हाक मारेल. तो पायरी चढून उंबऱ्याशी आला, तिच्यासमोर उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडलं. "हा." म्हणाला, "बघ. काही नाही."

पोरीला आमचा नियम काय माहीत. ती त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिने हात वर केला आणि त्याच्या तोंडावर ठेवला, सगळा तळवा. नखांवरची मेंदी अजून उतरली नव्हती. म्हणाली, "मिटा, पप्पा."

मी अजून त्या दारातच उभी होते. बाजूला झाले.

निघताना तो सदरा तिने त्याला घालायला लावला. सैल होतो. जाताना तिने तुझं नाव काढलं. काय म्हणाली ते तिलाच विचार.

हे पत्र लिहिताना लोटू समोर बसला आहे. त्याला वाचून दाखवलं. म्हटलं, तुझं काही घालू का? म्हणाला, "घाला, प्यायलो नव्हतो म्हणून." म्हटलं, ते मी मागेच लिहिलंय. म्हणाला, "परत लिहा."

लोटू प्यायला नव्हता.

रंभाबाई